पायाभूत वर्ष

१

कपाटाला कुलूप होतं, किल्ली सबिहाच्या पर्समध्ये होती, आणि कपाट रिकामं होतं. एवढंच तिने फोनवर चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी तिला रडू फुटलं.

"मावशी, एकशे बारा फॉर्म होते. लाल फडक्यात बांधलेले. सोमवारी अकराला मीटिंग हाय. तिथं फॉर्म दाखवले न्हाईत तर आकडे मीच बनवले असं लिहून देणार हायत."

"आधी पाणी पी," पंचशीला म्हणाली. "मी अहमदपूरमार्गे जाणाऱ्या गाडीने निघते."

नांदेडच्या सांख्यिकी कार्यालयात बत्तीस वर्षं काढून पंचशीला मागच्याच वर्षी निवृत्त झाली होती. जनावरं, विहिरी, चुली, सायकली, जे मोजायला सांगितलं ते तिने मोजलं. लोक मोजणाऱ्याशी खोटं बोलतात हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कोण कुठल्या बाजूला खोटं बोलतो हे कळायला मात्र वीस वर्षं गेली. आता मोजायला काही उरलं नाही म्हणून ती गच्चीवरच्या कुंड्या मोजते, असं शेजारी चिडवायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

सबिहा विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत असताना चार वर्षं तिच्याकडेच राहिली होती. लातूरच्या जिलानी मिस्त्रींची ही पोरगी भात करपवायची, पण हिशेबात कधी चुकायची नाही. पंचशीलाला तिच्याविषयी जे वाटायचं त्याला माया म्हणतात. पंचशीला स्वतः मात्र त्याला "सवय झालीय पोरीची" म्हणायची.

गाडीत खिडकीशी बसून तिने सगळं प्रकरण मनात लावून पाहिलं. वरून जिल्ह्याला दोन उद्दिष्टं आली होती. दरवर्षी बारा टक्के आर्थिक वाढ करा, हे पहिलं. शहराच्या आणि आसपासच्या धुरातून हवेत जाणारा कार्बन पाच वर्षांत वीस टक्के कमी करा, हे दुसरं. दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली आणि दोन वेगळ्या फायलींना लागली, त्यामुळे ती कधी समोरासमोर आलीच नाहीत. कार्बन कमी करायचा तर आज किती आहे ते मोजायला हवं. त्या मोजणीच्या वर्षाला पायाभूत वर्ष म्हणतात. ते काम सबिहाच्या जुन्या प्राध्यापकांकडे, शेषेराव सरांकडे आलं, आणि लातुरात राहून, हाताखाली काही पोरं घेऊन घरोघर फिरायला सरांनी सबिहाला कंत्राटावर घेतलं. डाळमिली, वसतिगृहं, मोठी दुकानं, अशा सगळ्यांत जास्त इंधन जाळणाऱ्या एकशे बारा जागांचे ते फॉर्म होते.

गेल्या आठवड्यात अहवालाचा कच्चा मसुदा फुटला. आपल्या प्रभागाचे आकडे बघून वसतिगृहवाले भडकले आणि मूळ फॉर्म भर मीटिंगमध्ये उघडा म्हणून हटून बसले. गुरुवारी सबिहाने ते काढायला कपाट उघडलं, तर आत धूळ.

लातूरच्या स्टँडवर जिलानी मिस्त्री उभे होते. त्यांनी पिशवी घेतली, पण नेहमीसारखी नांदेडची खबरबात विचारली नाही.

"बाई, हापिसातले लोक पोलिसात जायचं म्हणून राहिले," ते म्हणाले. "गावातले समदे जनरेटर माझ्याच हाताखालून जातात ना. म्हणतात, बापाची गिऱ्हाइकं वाचवायला पोरीनं कागद जाळले."

२

कार्बनच्या अभ्यासाचं ऑफिस म्हणजे नियोजन कार्यालयाच्या मागची एक खोली. मलप्पा नावाचा निलंग्याकडचा शिपाई ती सांभाळायचा. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्या कमरेला असायची.

"चार दिसात बाहेरचं कुनी आलं न्हाई बाई," तो म्हणाला. "मी दारातनं हललो न्हाई. चिमणी सुद्धा आत गेली न्हाई बघा."

कुलूप फोडलेलं नव्हतं, कडी वाकलेली नव्हती. मलप्पा खोटं बोलणारा माणूस वाटत नव्हता, आणि पंचशीलाला नेमकं तेच खुपलं.

नियोजन अधिकारी अमृतराव बदलीवर येऊन दीड वर्ष झालेले, घामेजलेले, सतत कुठल्या तरी बैठकीला उशीर झालेले गृहस्थ होते. त्यांच्या खुर्चीमागे एक फोटो होता. भूकंपाच्या स्मृतिस्तंभावर तीस सप्टेंबरच्या कार्यक्रमात साहेब फुलं वाहतायत.

"दरवर्षी जावं लागतं?" पंचशीलाने विचारलं.

"जावं लागतं काय, जातो. या जिल्ह्यात त्या तारखेला दुसरं काही ठेवायचं नसतं, हे मला आल्या-आल्या सांगितलं होतं." त्यांनी तिच्यापुढे दोन पानं सरकवली. "हे बघा, माझ्याकडे फक्त प्रभागाची बेरीज येते. कुणाच्या घरी किती डिझेल जळतं ते प्राध्यापकांना आणि त्या मुलीला माहीत. मी कशाला फॉर्म चोरू? मला उलट वाटलं होतं की आकडा मोठा आला, आता वरून झापतील. तर वरून कौतुकाचा फोन!"

"कशाबद्दल?"

"सखोल सर्वेक्षण केल्याबद्दल." अमृतराव हसले, पण त्यांनाही ते कौतुक पुरतं पटलेलं दिसलं नाही.

सबिहाखालोखाल लोकांचा संशय होता तो हरिओमवर. कोचिंगच्या गल्लीत त्याची तीन वसतिगृहं होती. जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग, भिंतींवर मागच्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या मुलामुलींचे फोटो, आणि पार्किंगमध्ये हिरव्या रंगाचा भलामोठा जनरेटर. नंदुरबारपासून देगलूरपर्यंतची पोरं इथे येऊन राहत होती. भूकंपानंतर ज्या शहराचं नाव घेतलं की लोक हळहळायचे, त्या शहरात आता आईबाप पोरांना सुटकेसेसह आणून सोडत होते.

"तुम्हाला आकडा कमी हवा होता," पंचशीला म्हणाली.

"हवा होता की!" हरिओम उसळला. "अहवालात लिवलंय, आमच्या प्रभागातला जनरेटर सरासरी रोज सहा तास चालतो. सहा तास लाइट जायला हे काय लोडशेडिंगचे दिवस हायत का? म्हणून तर मीच म्हणलो, फॉर्म उघडा. मीच मागितलेले कागद मीच चोरू व्हय मॅडम?"

पंचशीलाने जिलानी मिस्त्रींकडे बघितलं. ते जनरेटरजवळ उकिडवे बसले होते.

"याचं तेल अडीचशे तासांनी बदलतो मी," ते म्हणाले. "रोज सहा तास चालला तर दर चाळीस दिसांनी बदलायला यावं लागेल. मी इथं वर्षातनं दोनदा येतो. दीड तासाच्या वर हा चालत न्हाई."

म्हणजे हरिओम खरं बोलत होता. आणि फॉर्म त्याला बुडवणार नव्हते, वाचवणार होते. सगळं गाव धरून चाललं होतं की कुणीतरी धूर लपवायला कागद पळवले. पण धूर लपवलेलाच नव्हता. तो वाढवला होता.

आपल्या गावचा धूर कुणाला जास्त दाखवायचा असेल?

३

शनिवारी सकाळी मलप्पाचा फोन आला. फॉर्म सापडले. ऑफिसातल्या वरच्या मांडणीवर, जुन्या रजिस्टरांच्या मागे, लाल फडक्यात, एकशे बाराच्या एकशे बारा.

जिलानी मिस्त्रींनी जिलेबी आणली. अर्ध्या तासात नांदेडहून शेषेराव सरांचाही फोन आला. "सापडले ना? मी म्हणत होतो. घाईत तूच वर ठेवले असशील. आता शेवटच्या रकान्यात सह्या करून टाक आणि सोमवारी मांड." सह्या राहिल्याच होत्या. पर्यवेक्षकाने सगळ्या फॉर्मांवर काम संपल्यावर एकदम सही करायची, ही सगळ्या खात्यांतली जुनी वाईट खोड. सबिहानेही सह्या तशाच शेवटासाठी ठेवल्या होत्या.

घरी येऊन सबिहाने दार लावून घेतलं आणि गठ्ठा पंचशीलापुढे ठेवला. जिलेबीला तिने हात लावला नव्हता.

"मावशी, हे फॉर्म आमचे न्हाईत. अक्षर आमच्या पोरांसारखं काढलंय, पण हरिओमच्या फॉर्मवर सहा तास हायत. मी स्वतः तिथं उभी होते, दीड लिहिलं होतं. सगळं अहवालाशी जुळवलेलं हाय."

"अहवालात सहा कसे आले?"

"माझा तक्ता कॉलेजच्या लॅपटॉपवर होता. सरांनी तो नेला. नंतर आकडे वाढलेले दिसले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, लोक कमी सांगतात, म्हणून सुधारणा केलीय. मला वाटलं, सरांना जास्त कळतं." तिने डोळे पुसले. "आता यावर सही केली तर मी सुटते. अब्बांचं नाव सुटतं. न्हाई केली तर फॉर्म खोटे ठरतात, आणि खोटे फॉर्म कुणी केले म्हणून पुन्हा माझंच नाव येतं. खरे तर माझ्याकडं न्हाईत."

पंचशीलाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने घेतलंही. पण "सही करू नको" असं काही ती म्हणाली नाही. भाकरी ज्याच्या घरात भाजते त्यालाच विस्तव जवळचा असतो. नांदेडात बसून शहाणपण सांगणं सोपं होतं.

मग ती फॉर्म बघायला लागली. आधी तिने ते नुसते हाताळले. कागद कोरे करकरीत, कुठे घडी नाही. मोटरसायकलच्या डिकीत फॉर्म उभा दुमडूनच जातो. तिने बत्तीस वर्षांत न दुमडलेला फॉर्म फिरतीवरून आलेला पाहिला नव्हता. हे कागद उन्हात गेलेच नव्हते.

"डिझेल लिटरमध्ये लिहायला सांगितलं होतंस?"

"न्हाई. माणूस जे सांगतो तेच लिहा, असं सांगितलं होतं. वसतिगृहवाले कॅन म्हणतात, मिलवाले कोळशाची पोती म्हणतात. लिटर आणि किलो मी नंतर तक्त्यात करत होते."

या एकशे बारा फॉर्मांत एकही कॅन नव्हता, एकही पोतं नव्हतं. सगळीकडे लिटर आणि किलो.

पंचशीला तारखा बघत पुढे गेली. ऑगस्ट, सप्टेंबर, सरकारी सुट्ट्या वगळून ओळीने भरलेले कामाचे दिवस. मुरुडजवळच्या एका डाळमिलीच्या फॉर्मवर तिचा हात थांबला. मालकीण उमाबाई. "भेटीच्या वेळी भट्टी चालू." तारीख, तीस सप्टेंबर.

"सबिहा," ती म्हणाली, "उद्या सकाळी मुरुडची गाडी किती वाजता आहे?"

४

उमाबाई साठीच्या होत्या. मिलच्या दारात खुर्ची टाकून त्या चाळणाऱ्या बायांवर लक्ष ठेवत होत्या. मागे डाळ वाळवायची भट्टी धगधगत होती आणि दुसरी, जुनी, काळी पडलेली भट्टी तिच्या शेजारी सुरू होती.

"दोन भट्ट्या?" पंचशीलाने विचारलं.

"एकच पुरत होती बाई. साहेबलोक आले, म्हणाले जिल्ह्याचं उत्पादन वाढलं पाहिजे, कर्ज घ्या, दुसरी पेटवा. जुनी हाय, लई कोळसा खाती. पर काम वाढलं. पंधरा बाया जास्त लागल्या." त्यांनी सबिहाकडे बघितलं. "ही पोरगी आली व्हती. मी म्हणलं होतं तिला, अठ्ठावीसला ये, न्हाईतर दोन दिसांनी ये."

"तीस तारखेला का नाही?"

उमाबाई साडीच्या पदराने खुर्चीचा हात पुसत म्हणाल्या, "आमचं गाव किल्लारीच्या बाजूला. मालक आन् सासू दोघं गेली त्या रातीला. सव्वीस वर्षं झाली. त्या दिवशी माझी भट्टी पेटत न्हाई. समद्या बायांना सुट्टी, आन् मी गावाकडं असते. ह्या भागात आमच्यासारखी घरं लई हायत. एकालाबी विचारा."

विचारायची गरज नव्हती. पंचशीला पिशवीतून तो फॉर्म काढून पुन्हा वाचत राहिली. "भट्टी चालू." हे लिहिणाऱ्याला भूकंप माहीत होता, कारण तो साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्या तारखेला इथल्या घरांत काय होतं, ते त्याला माहीत नव्हतं. म्हणजे तो इथे राहत नव्हता. अमृतराव इथले नसले तरी त्या दिवशी स्मृतिस्तंभावर उभे होते. त्यांच्या हातून ही तारीख पडली नसती.

मुरुडच्या स्टँडवर तिने मलप्पाला फोन लावला.

"मलप्पा, परवा मी विचारलं, बाहेरचं कुणी आलं का. तू म्हणालास नाही. आता सांग, घरचं कोण आलं होतं?"

"घरचं म्हंजी..." मलप्पा गोंधळला. "सर आले की बुधवारी. बॅग घिऊन. किल्ली मागितली, मी दिली. काल फोन बी तेंचाच आला, वरच्या मांडणीवर बघ म्हणून. आता सर काय बाहेरचे हायत व्हय, बाई?"

शेजारी उभ्या सबिहाने ते ऐकलं. लातूरला ती एकटीच उतरली, पंचशीला तशीच पुढे नांदेडला निघाली.

५

रविवारी संध्याकाळी विष्णुपुरीच्या कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. शेषेराव सरांच्या खोलीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. सरांनी पंचशीलाला बघितलं, तिच्या हातातला फॉर्म बघितला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मलप्पाने सांगितलं?"

"मलप्पाने नंतर सांगितलं. आधी तुमच्या फॉर्मनी सांगितलं." पंचशीला बसली. "कॅनचे लिटर झालेला, जागेवार तक्ता दोघांकडेच होता. सबिहाकडे आणि तुमच्याकडे. सबिहाने लिहिलं असतं तर कॅन लिहिला असता. अमृतरावांकडे नुसत्या बेरजा आहेत. आणि तीस सप्टेंबरला उमाबाईंची भट्टी फक्त नांदेडात बसलेल्या माणसालाच पेटलेली दिसेल. कसं केलंत ते कळलं. का केलंत तेही मला वाटतं कळलंय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सरांनी एक कागद पुढे ओढला. शिकवायची सवय जात नाही.

"या एकशे बारा जागांचा खरा कार्बन वर्षाला शहाऐंशी हजार टन. त्यातून वीस टक्के कमी करा आणि त्याच वेळी दरवर्षी बारा टक्के वाढा. बाई, हे होत नाही. जुन्या भट्ट्या आहेत, टँकर आहेत, जनरेटर आहेत. वाढ यांच्यावरच चालते. मी दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं, दोन्ही उद्दिष्टं कायम."

"मग तुम्ही पाया उचललात."

"एक लाख तीस हजार केला. वीस टक्के वजा केले की एक लाख चार हजार उरतात. म्हणजे आजच्यापेक्षा अठरा हजार टन धूर वाढला तरी कागदावर तो घटलेलाच. दोन्ही उद्दिष्टं पुरी, सगळे खूश. पण हरिओमने फॉर्म मागितले." ते पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, "मला यात पैसा मिळाला नाही. खरा आकडा ठेवला तर कात्री कुठे लागेल, सांगा? मोठ्या कारखान्याला कुणी हात लावणार नाही. उमाबाईंची जुनी भट्टी बंद करतील. पंधरा बाया घरी जातील. त्यांच्यासाठी केलं."

पंचशीलाला या माणसाचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता. पण त्याखाली दुसरं काही होतं, आणि ते तिला जास्त जड जात होतं.

"मला एवढ्या लवकर कसं कळलं, विचारलं नाहीत," ती म्हणाली. "मी हेच केलंय. भूकंपानंतर मला पडझडीच्या पंचनाम्याला औसा तालुक्यात पाठवलं होतं. एका गल्लीत तीन घरांना नुसत्या भेगा होत्या. घरात लहान लेकरं, थंडी तोंडावर. मी तिन्ही घरं 'पूर्ण पडली' असं लिहिलं. मला वाटलं, पुण्य केलं. पहिल्या यादीत छपराचे पत्रे ठरावीक घरांनाच मिळणार होते. मागच्या गल्लीत तारामती नावाची बाई होती, तिचं घर खरंच भुईसपाट झालं होतं. ती दुसऱ्या यादीत गेली. तो हिवाळा तिने गोणपाटाखाली काढला. मी फेब्रुवारीत पुन्हा गेले तेव्हा मला कळलं. तिने मला चहा केला, सर. माझ्यामुळे झालं हे तिला माहीतच नव्हतं, आणि मी सांगितलं नाही."

तिने हातातला फॉर्म टेबलावर ठेवला.

"तेव्हापासून मला कळतं, दया करून वाढवलेल्या आकड्याची किंमतही कुणीतरी मोजतं. तुमच्या अठरा हजार टनांचा धूर कोचिंगच्या गल्लीतली पोरं छातीत घेणार आहेत. ती कुठल्याच फॉर्मवर नाहीत. आणि सबिहा?"

"तिला सोडवायलाच तर ते फॉर्म बुधवारीच मांडणीवर ठेवले होते."

"सोडवायला नाही, बांधायला. दोन दिवस घाबरवलं की न बघता सही करेल, आणि सही तिची होती."

शेषेरावांनी टेबलाचा खालचा खण उघडला. लाल फडक्यातला गठ्ठा आत होता, घड्या पडलेला, एका कोपऱ्याला डिझेलचा डाग असलेला.

"जाळता आला नाही," ते म्हणाले. "आयुष्यात कधी मूळ नोंद नष्ट केली नव्हती. पण मला एक सांगा. हे मांडलं की दोन्हीतलं एक उद्दिष्ट सोडावं लागेल, आणि ते धुराचंच सोडतील. मग खऱ्याचा उपयोग काय?"

"निदान ते कुणी सोडलं, हे तरी कळेल," पंचशीला म्हणाली. "उद्या गठ्ठा मी नेणार नाही. तुम्ही आणा. पोलिसात जायचं की नाही ते सबिहा ठरवेल."

६

सोमवारी अकरा वाजता नियोजन कार्यालयाच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. वसतिगृहवाले एका बाजूला, मिलवाले दुसऱ्या, मध्ये अमृतराव. पंचशीला आणि जिलानी मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. सबिहापुढे मांडणीवर सापडलेला गठ्ठा होता, सही न केलेला. सर येतील की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, तरी सकाळी तिने पेन पर्समधून काढलंच नव्हतं.

"सह्या नाहीत?" अमृतरावांनी विचारलं.

"हे फॉर्म माझे न्हाईत," सबिहा म्हणाली. "म्हणून न्हाईत."

सभागृहात गलका उडाला. हरिओम काही बोलायला उठला आणि तेवढ्यात दार उघडलं.

शेषेराव सरांनी लाल गठ्ठा आणून सबिहापुढे ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं, "मूळ फॉर्म माझ्याकडे होते. समोरचे मी लिहिले. या मुलीने एकही आकडा बदललेला नाही." एवढंच बोलून ते मागच्या ओळीत जाऊन बसले. सबिहाने त्यांच्याकडे बघितलं नाही. ज्यांच्याकडून ती मोजायला शिकली त्यांच्याकडे बघायला तिला बराच काळ लागणार होता.

तिने घडी उलगडली आणि वाचायला सुरुवात केली. हरिओम, दीड तास, रोज अर्धा कॅन. हरिओमने मान डोलावली. उमाबाई, सप्टेंबर अठ्ठावीस, दोन भट्ट्या. शेवटी बेरीज आली, शहाऐंशी हजार टन.

अमृतरावांनी समोरच्या कागदावर गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला. "म्हणजे आपल्याला अडुसष्ट हजार आठशेवर यायचंय," ते हळू म्हणाले. "आणि दरवर्षी बारा टक्के वाढायचंय." दोन्ही पत्रं त्यांनी दोन फायलींतून काढली आणि पहिल्यांदाच एकमेकांशेजारी ठेवली. सगळं सभागृह त्या दोन कागदांकडे बघत राहिलं.

"यातलं कुठलं बदलायचं ते वर विचारावं लागेल."

"लेखी?" पंचशीलाने भिंतीपासून विचारलं.

अमृतरावांनी रुमालाने मान पुसली. त्यांच्या बदलीचा, बढतीचा, कशाकशाचा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना तिला दिसला. "लेखी," ते म्हणाले. "इतिवृत्तात घ्या."

पंचशीलाने डोळे मिटले. औशाच्या त्या गल्लीतला चहा तिला आठवला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आता तारामतीकडे जाऊन सगळं सांगता येईल. ती असेल तर.

तेवढ्यात दिवे गेले. पंखे थांबले. खाली अंगणात कार्यालयाचा जनरेटर खोकला, धडधडला आणि सुरू झाला. खिडकीतून काळा धूर आत आला. जिलानी मिस्त्री ओशाळून पुटपुटले, "याचं तेल बदलायचं राहिलंय."

सबिहाने सगळ्या गठ्ठ्यावरून नजर फिरवली. या कार्यालयाचा फॉर्म त्यात नव्हता. वर्षभर याच इमारतीच्या मागच्या खोलीत बसून तिने सगळं शहर मोजलं, आणि हा जनरेटर मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिने एक कोरा फॉर्म ओढला, पर्समधून पेन काढलं, आणि वर क्रमांक घातला, एकशे तेरा. मग घड्याळात बघितलं.

"साहेब," ती अमृतरावांना म्हणाली, "हा रोज किती वेळ चालतो?"